फुलं गेल्यावरची पानं

डॅफोडिलचा कंद ऑक्टोबरमध्ये माणसाच्या हातात येतो, तेव्हा पुढच्या एप्रिलचं फूल त्याच्या पोटात तयार झालेलं असतं. सुरीने उभा कापला तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात आणि अगदी मध्यभागी, भिंगातून पाहिलं तर कळावी एवढी, मिटलेली कळी. सहा पाकळ्या आणि मधली तुतारी, सगळं त्यात आलं. ही कळी मे-जूनपासून घडू लागते आणि उन्हाळा सरता सरता पूर्ण होते. म्हणजे न्यूयॉर्कच्या एखाद्या बागेत गुडघे टेकून कंद पुरणारा स्वयंसेवक फूल घडवत नसतो. ते काम हॉलंडमधल्या कुठल्यातरी वाळूमिश्रित शेतात आधीच झालेलं असतं. त्याने फक्त त्या कंदाला थंडी द्यायची, माती द्यायची आणि वाट पाहायची.

म्हणून मला न्यूयॉर्कमधल्या डॅफोडिलच्या गोष्टीत पहिल्या वसंतापेक्षा दुसऱ्या वसंताचं महत्त्व अधिक वाटतं. पहिल्या वर्षीचं फूल देणगी म्हणून मिळालेलं असतं, दुसऱ्या वर्षीचं त्या शहराला स्वतः कमवावं लागतं.

लोकांना कंद वाटून ते सार्वजनिक जागांत लावून घेणाऱ्या न्यूयॉर्कच्या डॅफोडिल प्रोजेक्टची सुरुवात २००१ च्या शरदात झाली. ११ सप्टेंबरला जागतिक व्यापार केंद्राचे दोन मनोरे कोसळले. एकट्या न्यूयॉर्कमध्ये २,७५३ माणसं गेली. त्यानंतरच्या दिवसांत शहरात एक विचित्र अडचण उभी राहिली. मदत करायला निघालेल्या माणसांना करायला काम नव्हतं. रक्त द्यायला रांगाच्या रांगा लागल्या, पण ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर आलेले इतके थोडे होते की तेवढ्या रक्ताची गरजच पडली नाही. ढिगारा उपसायला अग्निशमन दलाचे, पोलिसांचे आणि बांधकामावरचे कसलेले लोक लागत, तिथे सामान्य माणसाला प्रवेश नव्हता. मोठ्या दुःखात माणसाला काहीतरी उचलायला, वाहायला, खणायला हवं असतं. आपल्याकडे मयताच्या घरी शेजारी नकळत चूल पेटवतात, पाणी भरतात, ते यासाठीच. न्यूयॉर्कमध्ये लाखो हात रिकामे होते.

अशा वेळी हॉलंडहून हान्स फान वार्डेनबर्ख या कंदव्यापाऱ्याने न्यूयॉर्कमधल्या बागांची कामं करणाऱ्या लिंडन मिलर यांना संदेश पाठवून कंद देऊ केले. ते न्यूयॉर्कच्या बागांना कंद पुरवत असत आणि मिलरबाईंना ओळखत होते. त्यांनी देऊ केलेला आकडा होता पाच लाख. रॉटरडॅम शहरानेही हात पुढे केला. रॉटरडॅमच्या या देणगीला स्वतःची एक आठवण आहे. १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी त्या शहराचा मध्यभाग बेचिराख केला होता. एका दिवसात शहराचं हृदय गेलं की काय होतं, हे तिथल्या जुन्या माणसांना कुणी सांगायची गरज नव्हती. शिवाय न्यूयॉर्क मुळात डचांनी वसवलेलं. १६६४ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात जाईपर्यंत त्याचं नाव न्यू ॲमस्टरडॅम होतं.

लिंडन मिलर यांच्याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्या नसत्या तर हे कंद आले असते आणि चारदोन मोठ्या बागांत माळ्यांनी लावून टाकले असते. मिलर मूळच्या चित्रकार. १९८२ मध्ये त्यांच्याकडे सेंट्रल पार्कच्या कॉन्झर्व्हेटरी गार्डनचं काम आलं. पाचव्या ॲव्हेन्यूवर १०५ व्या रस्त्याशी असलेली ही सहा एकरांची आखीव बाग तेव्हा पार उजाड झाली होती. १९७५ च्या सुमाराला न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या तोंडाशी आली आणि कात्री लागली तेव्हा बागांना ती आधी लागली. माळी कमी झाले, बाकं मोडली, भिंती रंगाच्या फवाऱ्यांनी भरल्या. संध्याकाळनंतर बागेत पाऊल टाकायला लोक घाबरू लागले. मिलर यांनी कॉन्झर्व्हेटरी गार्डन वाफ्यावाफ्याने पुन्हा उभी केली. पुढे ब्रायंट पार्कमध्येही त्यांनी फुलझाडांच्या लांबच लांब रांगा लावल्या. नशेखोरांचा अड्डा म्हणून ओळखली जाणारी ती बाग १९९२ मध्ये पुन्हा खुली झाली. चांगली जागा चांगल्या रीतीने राखून लोकांच्या हवाली केली की लोक ती जपतात, हा विश्वास मिलर यांनी या कामांतून कमावला होता आणि पुढे पुस्तकातही मांडला.

तेव्हा पाच लाख कंदांचं काय करायचं, याचं त्यांच्याकडे उत्तर होतं. माळ्यांना द्यायचे नाहीत. शहरालाच वाटायचे.

आज न्यूयॉर्कर्स फॉर पार्क्स या नावाने ओळखली जाणारी संस्था आणि शहराचा उद्यान विभाग यांनी मिळून वाटपाची घडी बसवली. अट साधी होती आणि आजही तीच आहे. कंद फुकट, पण लावायचे सार्वजनिक जागेत. बागेत लावा, शाळेच्या आवारात लावा, वस्तीच्या सामायिक बागेत लावा, फुटपाथवरच्या झाडाभोवती सोडलेल्या मातीच्या चौकोनात लावा. आपल्या परसात किंवा बाल्कनीतल्या कुंडीत मात्र नाही. येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडलं पाहिजे. ब्राँक्स, ब्रुकलिन, क्वीन्स, मॅनहॅटन, स्टेटन आयलंड या पाचही भागांतून हजारो माणसं आली. शाळकरी मुलं, प्रार्थनास्थळांची मंडळं, निवृत्त लोक, कचेऱ्यांमधून एक दिवस काढून आलेले कर्मचारी. त्या शरदात जवळपास दहा लाख कंद मातीत गेले. हे पुरणं चालू असताना मनोऱ्यांच्या जागेवरची आग अजून धुमसत होती. ती पुरती विझायला डिसेंबर उजाडला. वारा फिरला की खालच्या मॅनहॅटनमध्ये जळका वास येई, आणि त्या वासात लोक सहा इंचांचे खड्डे खणत होते.

पुरण्याची रीत पाच मिनिटांत शिकता येते. खड्डा कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, म्हणजे साधारण पंधरा सेंटिमीटर. टोक वर, मुळांची चकती खाली. उलटा पडला तरी बिघडत नाही, कोंब वळसा घेऊन वर येतो, फक्त दमतो. दोन कंदांत चारपाच इंचांचं अंतर ठेवायचं. रांगेत लावायचे नाहीत. मूठभर कंद जमिनीवर टाकायचे आणि जिथे पडतील तिथेच खड्डा करायचा, मग फुलं आपली आपण उगवल्यासारखी दिसतात. हातमोजे घालायचे, कारण डॅफोडिलच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात आणि त्याने हात खाजतात. फुलं तोडणाऱ्या मजुरांमध्ये हे दुखणं नेहमीचं आहे. एवढं कळलं की सहा वर्षांचं मूल आणि साठीतला माणूस एकाच वाफ्यात काम करू शकतात.

अवघड असते ती शहराची माती. फुटपाथवरच्या चौकोनात खुरपं घातलं की पहिल्यांदा काच लागते, मग विटेचा तुकडा, मग झाडाचं मूळ. पायांनी तुडवून ती दगडासारखी झालेली असते. हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ तिच्यात मुरतं. कुत्री येतात. गॅसच्या, पाण्याच्या नळ्या गेलेल्या असतात. अशा मातीत उगवून येण्याची ताकद असलेली फुलं थोडीच आहेत.

ट्यूलिप का नाही, हा प्रश्न कुणालाही पडेल, कारण हॉलंड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ट्यूलिपच येतं. याचं उत्तर न्यूयॉर्कच्या खारींपाशी आहे. करड्या खारी ट्यूलिपचे कंद उकरून आवडीने खातात. डॅफोडिलच्या कंदात लायकोरिन नावाचं अल्कलॉइड असतं. ते विषारी आणि कडू असल्यामुळे खारी, उंदीर, हरणं कुणीच त्याला तोंड लावत नाही. माणसालाही ते बाधतं. पोटात गेलं की उलट्या सुरू होतात. २०१५ मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्याला दुकानदारांना सांगावं लागलं होतं की हे कंद भाजीच्या फळ्यांजवळ ठेवू नका, लोक कांदे समजून घेऊन जातात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये उपासमार झाली तेव्हा लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. डॅफोडिल तेव्हाही ताटात घेण्याजोगं नव्हतं. याच कुळातल्या झाडांतून मिळणारं गॅलँटामिन मात्र स्मृतिभ्रंशाच्या आजारात औषध म्हणून देतात, आणि वेल्सच्या डोंगरांत त्यासाठी डॅफोडिलची शेती होते. स्मृतीसाठी निवडलेल्या फुलाला हा गुण असावा, हे मला विलक्षण वाटतं.

दुसरं कारण टिकण्याचं. शहरातल्या वाफ्यांतलं ट्यूलिप पहिल्या वर्षी दिमाखात येतं, दुसऱ्या वर्षी निम्मं आणि तिसऱ्या वर्षी बहुधा नुसतं पान. जागा मानवली तर डॅफोडिल वर्षानुवर्षं येतं आणि वाढतं. एका कंदाला पिल्लं फुटून चार होतात. पिवळा रंग अनेकांना स्मरणाचा वाटतो, तेही होतंच. २००७ मध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी डॅफोडिलला न्यूयॉर्कचं अधिकृत फूल म्हणून घोषित केलं. तोवर ते शहराच्या कानाकोपऱ्यात रुजलं होतं. २००१ पासून दर शरदात वाटप चालूच राहिलं आणि लावलेल्या कंदांची संख्या कधीच ऐंशी लाखांच्या पुढे गेली आहे.

या कंदांमागच्या शेतीबद्दल आपण फारसं ऐकत नाही. हारलेम आणि लायडन यांच्यामधल्या पट्ट्यात, समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांआड, चुनखडीयुक्त रेताड जमीन आहे. पाणी झटकन निचरतं, तरी खाली ओल कायम असते. कंदाला असंच लागतं. जून-जुलैत कंद काढतात, वाळवतात, घेराप्रमाणे निवडतात. शंभर वर्षांपूर्वी हा सगळा धंदा बुडायच्या बेतात होता. डोळ्यांना न दिसणारा एक सूत्रकृमी कंद आतून कुजवत होता आणि शेतंच्या शेतं जात होती. इंग्लंडमधल्या विझली येथील बागेत काम करणाऱ्या जेम्स रॅम्सबॉटम या तरुण संशोधकाने पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत उपाय शोधला. कंद सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या पाण्यात तीन ते चार तास बुडवून ठेवायचे. त्याहून ऊन पाण्यात कंद मरतो, त्याहून कोमट पाण्यात कृमी जगतो. इतक्या अरुंद फटीतून डॅफोडिल वाचलं, आणि ही रीत थोड्याफार फरकाने आजही चालते. न्यूयॉर्कच्या फुटपाथवरच्या फुलामागे या माणसाचंही देणं आहे.

आता दुसऱ्या वसंताकडे येतो.

एप्रिल संपता संपता फुलं सुकतात आणि पानं उरतात. हिरवी, पट्ट्यासारखी, आधी ताठ, मग लोळणारी, मग टोकाकडून पिवळी पडत जाणारी. दीड ते दोन महिने ती अशीच राहतात. दिसायला बाग विस्कटल्यासारखी वाटते. आणि याच काळात पुढच्या वर्षीचं फूल ठरतं. पानं उन्हातून अन्न बनवतात, ते खाली कंदात उतरतं आणि त्या साठ्यावर नवी कळी धरते. या दिवसांत कुणी पानं कापली तर कंद मरत नाही, पण पुढल्या वसंतात फूल न येता नुसती पानं येतात. दोनदा कापली तर तीही बारीक होतात. पानांच्या वेण्या घालणं, त्यांना रबर लावून गुंडाळी करणं अशा टापटिपीच्या सवयी जुन्या बागकाम करणाऱ्यांमध्ये आहेत. त्यानेही पानाला ऊन कमी मिळतं. योग्य उपचार एकच, हात न लावणं.

कंद लावण्याच्या दिवशी माणसं जमतात, फोटो निघतात, मुलांना चॉकलेट मिळतं. मे महिन्यात गवत कापायच्या यंत्रासमोर उभं राहून ‘इथून नको, अजून तीन आठवडे थांबा’ म्हणणाऱ्या माणसाचा फोटो कुणी काढत नाही. पण डॅफोडिल टिकलं आहे ते त्या माणसामुळे. त्याला उद्यान विभागाच्या कामगाराशी बोलावं लागतं. हिरवळीचा एवढा तुकडा जूनपर्यंत न कापता ठेवा, म्हणून पटवावं लागतं. गबाळं दिसतं अशी तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याला समजावावं लागतं. जाणती मंडळी कंदांमध्येच नेचे, होस्टा किंवा डे-लिली लावतात. त्यांची पानं मे महिन्यात वर येऊन मरणाऱ्या पानांना झाकतात. हे सगळं करायला ती जागा आपली वाटावी लागते. ऑक्टोबरमध्ये ज्याने त्या मातीतून काचा वेचल्या, त्याला ती मे महिन्यात आपली वाटते. मिलर यांनी कंद माळ्यांना न देता लोकांना दिले, त्याचं फळ इथे दिसतं.

न्यूयॉर्कला या आपलेपणाचा इतिहास आहे. १९७३ मध्ये लिझ ख्रिस्ती ही चित्रकार आणि तिचे सोबती यांनी बाउरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या कचऱ्याने भरलेल्या रिकाम्या जागेवर बाग सुरू केली. ग्रीन गरिलाज, म्हणजे हिरवे गनिमी लढवय्ये, हे त्यांचं नाव. कुंपणापलीकडच्या ओसाड जागांत ते बियांचे गोळे फेकत. पुढच्या वर्षी पालिकेने ती जागा महिना एक डॉलर भाड्याने त्यांना दिली, आणि ती बाग आजही आहे. तिच्या पाठोपाठ शहरभर वस्त्यांच्या बागा उभ्या राहिल्या. १९९९ मध्ये पालिकेने अशा शंभराहून अधिक बागांच्या जमिनी लिलावात काढल्या, तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि अभिनेत्री बेट मिडलर यांच्या संस्थेने व आणखी एका न्यासाने त्या विकत घेऊन वाचवल्या. दोन वर्षांनी कंद आले, तेव्हा ते घ्यायला ओळखीचे आणि मातीने मळलेले हात शहरात आधीपासून होते. परक्या शहरात नुसते कंद उतरवून हे घडलं नसतं.

डॅफोडिलच्या या उपक्रमाविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही मला विचारात घेण्याजोगे वाटतात. पहिला असा की डॅफोडिल अमेरिकेचं नाही, आणि तिथल्या मधमाश्यांना, फुलपाखरांना या संकरित फुलांतून फारसं काही मिळत नाही. हे खरं आहे. म्हणून जिथे मूळचं रान उरलं आहे तिथे हे कंद नकोत. फुटपाथचा चौकोन, शाळेचं आवार, बागेची कडा या त्यांच्या जागा. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. स्वयंसेवक फुकट राबतात म्हणून पालिका माळी नेमायचं टाळते. बागा राखणं हे कर घेणाऱ्या पालिकेचं काम आहे आणि लोकांच्या उत्साहावर ते ढकलता कामा नये, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. पण कंद वाटणारी ही संस्था उद्यानांना पालिकेच्या अंदाजपत्रकात पुरेसा वाटा मिळावा म्हणूनही वर्षानुवर्षं भांडते आहे. ज्याने बागेत स्वतः खणलं आहे, तो बागेच्या पैशासाठी अधिक जोराने बोलतो, असाच अनुभव दिसतो.

कंद पुरून शहरं सजवण्याचे किंवा स्मृती जपण्याचे प्रयत्न अमेरिकेत आधीही झाले होते आणि नंतरही झाले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांनी १९६० च्या दशकात वॉशिंग्टनच्या कडेला, पोटोमॅक नदीतल्या बेटावर डॅफोडिलचे विस्तीर्ण ताटवे लावून घेतले. त्या बेटावरच्या उद्यानाला आज त्यांचंच नाव आहे. अटलांटातून २०१० मध्ये सुरू झालेल्या एका उपक्रमात ज्यूंच्या वंशसंहारात मारल्या गेलेल्या पंधरा लाख मुलांसाठी पंधरा लाख डॅफोडिल जगभर लावण्याचा संकल्प आहे.

असं काही आपल्याकडे करायचं म्हटलं, तर महाराष्ट्रात डॅफोडिल येणार नाही. त्या कंदाला जमिनीत तीनचार महिने सलग थंडी मिळाली नाही तर आतली कळी दांड्यावर चढतच नाही. काश्मीरमध्ये श्रीनगरला दल सरोवराकाठी ट्यूलिपची मोठी बाग फुलते, कारण तिथे तो हिवाळा आहे. आपल्या मातीतले कंद थंडीऐवजी पावसाची वाट पाहतात. आठ महिने कोरड्या जमिनीत पडून राहिलेली रानहळद पहिल्या सरींबरोबर सह्याद्रीत वर येते. निशिगंधाचा कंद तर आपले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या लावत आले आहेत. तेव्हा न्यूयॉर्ककडून आपण घ्यायचं ते फूल नव्हे.

घ्यायची ती दुसऱ्या वर्षाची गोष्ट. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये एका दिवसात दोन कोटी झाडं लावण्याची मोहीम काढली. पुढे २०१७ चं उद्दिष्ट चार कोटी, २०१८ चं तेरा कोटी आणि २०१९ चं तेहतीस कोटी होतं. जुलैतल्या त्या कार्यक्रमांना माणसं मनापासून आली होती, शाळांची मुलं आली होती. पण मार्चमध्ये, जमीन तापल्यावर, त्याच रोपाला कोणी पाणी घालायचं, कुंपण मोडलं तर कोणाला सांगायचं, शेळ्या कोणी हाकायच्या, हे प्रत्येक रोपामागे ठरलेलं नव्हतं. ज्या गावांत ते ठरलं होतं तिथे झाडं डोक्याच्या वर गेलेली दिसतात. बाकीच्या ठिकाणी काठ्या उभ्या आहेत. खड्डा खणणारा माणूस आणि उन्हाळ्यात पाणी घालणारा माणूस एकच असावा, किंवा निदान दोघांची ओळख असावी, एवढी तजवीज आपल्या ग्रामपंचायतींना आणि नगरपालिकांना अशक्य नाही. त्यासाठी कोटींचे आकडे जाहीर करण्याऐवजी एका गल्लीला पेलवतील एवढीच रोपं द्यायला हवीत. न्यूयॉर्कमध्ये आधी नाव नोंदवून, कुठे लावणार ते सांगून कंद न्यावे लागतात. या छोट्याशा नोंदीत त्या उपक्रमाची निम्मी ताकद आहे, असं मी मानतो.

२००१ मध्ये ज्या वाफ्यांत पहिले कंद गेले, त्यांतल्या अनेक ठिकाणी आता नवा प्रश्न आहे. पिल्लं फुटून फुटून कंदांची इतकी दाटी होते की एकमेकांचं अन्न पळवतात आणि फुलं कमी होऊ लागतात. मग जूनमध्ये, पानं पूर्ण वाळून आडवी पडली की ती जागा उकरायची, झुबके काढायचे, हाताने एकेक कंद सुटा करायचा. निम्मे तिथेच पुन्हा लावायचे. उरलेले सावलीत पसरून वाळवायचे, जाळीच्या पिशवीत भरून टांगायचे आणि शरदात दुसऱ्या कुणाला द्यायचे. त्यांतल्या बऱ्याचशा कंदांनी हॉलंडची जमीन पाहिलेली नाही. ते तिथेच, फुटपाथच्या मातीत जन्मलेले आहेत, आणि ऑक्टोबर आला की पुढच्या रस्त्यावरची माणसं ते न्यायला येतात.